पहिल्या नंबरचं भाषण

माझी पाच रुपयांची पगारवाढ १९५२ सालापासून विचाराधीन होती. आता विचार म्हटला की त्याला वेळ लागणारच, घाईघाईनं केलेल्या विचाराला काय अर्थ आहे, अशी मी माझी आणि त्याहून जास्त आमच्या सौभाग्यवतींची, म्हणजे प्रभावतीची, समजूत घालत आलो होतो. पण एकसष्ट साल उजाडलं तरी तो विचार काही पिकेना. दरम्यान एक पंचवार्षिक योजना पार पडली, दुसरी संपत आली, तेलाच्या डब्याचा भाव आणि आमची थोरली मुलगी या दोघांनी डोकं वर काढलं. देशाचं उत्पन्न कसं वाढतं आहे याचे आकडे पेपरात यायचे. ते मी सकाळी ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायचो आणि प्रभावती चुलीपाशी बसून विचारायची, "मग ते आपल्याकडे कधी येऊन राह्यलं?" या प्रश्नाचं उत्तर पेपरात कधी छापून आलं नाही.

केळापूर तालुक्यातल्या आमच्या गावात कापसाचा एकच जिनिंग-प्रेसिंग कारखाना होता आणि मी त्याचा हेडक्लार्क होतो. हेड म्हणायचं कारण एवढंच की दुसरा क्लार्क नव्हता. मालक मुंबईला राहत. इथला सगळा कारभार मॅनेजर सदाशिवराव पाहत. सदाशिवराव मनाचे वाईट नव्हते. मालकांचं नाव काढलं की खुर्चीतल्या खुर्चीत दोन इंच वर उठायची त्यांना सवय होती, एवढंच.

तर जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला आत बोलावलं. टेबलावर एक पेटी होती. ट्रंकेएवढी जड, वर दोन चकत्या.

"वामनराव, याला टेपरेकॉर्डर म्हणतात," ते म्हणाले. "मालकांनी मुंबईहून पाठवलं आहे. सव्वीस जानेवारीला कारखान्याचा रौप्यमहोत्सव. मालकांना यायला जमत नाही. ते ट्रंककॉलवर भाषण करतील, आपण ते या यंत्रात भरून घ्यायचं आणि समारंभात कर्ण्यावरून ऐकवायचं."

मी म्हणालो, "साहेब, मुंबईलाच भाषण भरून नुसती चकती पाठवली असती तर?"

सदाशिवराव माझ्याकडे, शाळेत तपासनीस आले असताना मुलानं भलताच प्रश्न विचारावा, तसे पाहत राहिले. "पाच महिन्यांपूर्वी कारखान्याला फोन आला, तो कशासाठी? मालकांचा आवाज पाचशे मैलांवरून तारेतून आला, हे मजुरांना कळायला नको? ही प्रगती आहे, वामनराव." मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे काम चोख झालं तर तुमची ती फाईल मी स्वतः मुंबईला पाठवतो. माझ्या शिफारशीसह."

नऊ वर्षांत त्या फाईलचा उल्लेख त्यांनी आपणहून केला तो हा पहिला. पेटी मी स्वतः उचलली. कंबरेत लचक भरली, पण तेवढं चालायचंच.

ऑफिसात उंदीर असल्यामुळे आणि कारखान्याच्या डायनामोची तार माझ्या घरापर्यंत आलेली असल्यामुळे यंत्र रात्री माझ्या घरी ठेवायचं ठरलं. ही माझी पहिली चूक. घरात अशी वस्तू आली की ती घराची राहत नाही, आळीची होते. ज्याला त्याला स्वतःचा आवाज ऐकायचा होता, आणि ऐकल्यावर प्रत्येकाचं म्हणणं एकच, की हा आवाज माझा नव्हे, यंत्र बिघडलेलं आहे. शेजारचे देवराव तर आपला आवाज ऐकून इतके नाराज झाले की त्यांनी लागोपाठ चार वेळा गळा साफ करून पाहिला. हे देवराव आमच्या गावचे पोस्टमास्तर. म्हणजे घरी देवराव आणि पोस्टात पोस्टमास्तर, आणि या दोन माणसांची आपसात ओळख नव्हती.

रात्री देवरावांनी माझ्याकडे चहा घेतला आणि म्हणाले, "मस्त मशीन आहे बाप्पा! माह्या लायक काही काम असलं तं सांगजा." सकाळी पोस्टमास्तरांचं पत्र शिपायाबरोबर आलं. आपल्या राहत्या घरी ध्वनी उत्पन्न करणारे यंत्र असल्याचे खात्रीलायकरीत्या समजते, त्याचा रेडिओ परवाना तीन दिवसांत दाखवावा.

मी पोस्टात गेलो. म्हटलं, "देवराव, अहो हा रेडिओ नाही. याच्यात स्टेशन लागत नाही."

पोस्टमास्तर चष्म्यावरून म्हणाले, "आपण या यंत्रातून दुसऱ्याचा आवाज ऐकता की नाही?"

"ऐकतो."

"तो माणूस त्या वेळी खोलीत हजर असतो काय?"

"काल तर तुम्हीच हजर होता!"

"मी शासकीय दृष्ट्या विचारत आहे," असं म्हणून त्यांनी फॉर्म पुढे सरकवला. त्यात 'एरियलची लांबी' असा रकाना होता. मी शून्य लिहिलं. शून्य चालत नव्हतं. रिकामाही चालत नव्हता. संध्याकाळी तेच देवराव आमच्या ओट्यावर येऊन मोठ्या आपुलकीनं म्हणाले, "कायले डोकं खपवता? बारा फुटाचा वासा बांधा अन् लिहून द्या बारा फूट." मग आम्ही दोघांनी मिळून माझ्या कौलांवर वासा बांधला, त्याला तार लावली, ती तार खिडकीतून आत आणली आणि खुंटीला गुंडाळून ठेवली. तीन कौलं फुटली. परवाना मिळाला. आमच्या घरी रेडिओ आला अशी हूल उठून लोक बातम्या ऐकायला यायला लागले आणि बातम्या नाहीत म्हटल्यावर मला मनातून कंजूष म्हणत परत जायला लागले.

मालकांचा ट्रंककॉल तेरा तारखेला सकाळी अकराला यायचा होता. तो दुपारी चारला आला. तोवर मी, सदाशिवराव आणि धनसिंग असे तिघे फोनभोवती बसून होतो. धनसिंग आमच्या कारखान्याचा फिटर. गड्याचे हात म्हणजे सोनं, आणि बोलणं मोजून मापून. तरुणपणी तो एका फिरत्या टॉकीजबरोबर गावोगाव हिंडला होता, त्यामुळे आवाजाची यंत्रं त्याला परकी नव्हती. त्यानं माझा मफलर मागून घेतला आणि फोनचा रिसीव्हर आणि टेपचा माइक एकमेकांना तोंड लावून त्यात बांधले.

आता भाषण साधारण बारा मिनिटं चाललं. मी ते इतक्या वेळा ऐकलं आहे की झोपेतही म्हणून दाखवीन. "माझ्या बंधू-भगिनींनो, मी मुंबईहून बोलतो आहे, पण माझं अंतःकरण तुमच्यातच आहे. हा कारखाना नव्हे, हे एक कुटुंब आहे. नऊ वर्षांपूर्वी आपल्याकडे बारा रेचे होते. आज अठ्ठावीस आहेत. ही त्या परमेश्वराची कृपा आणि तुमचा निःस्वार्थ घाम. गाठी तिप्पट झाल्या. देश पुढे जातो आहे आणि त्या रथाचं एक चाक आपण आहोत याचा मला अभिमान वाटतो. आणि सर्वांत मोठा अभिमान कशाचा म्हणाल, तर मजुरी तेव्हा होती तीच आज आहे, आणि तरीही माझ्या कुटुंबातून एकदाही तक्रारीचा सूर निघाला नाही. समाधान हेच खरं धन..." समाधानावर ते पाच मिनिटं बोलले. (रेचा म्हणजे कापसातून सरकी काढायचं यंत्र. हे मी यवतमाळ जिल्ह्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो.)

हे झालं भाषण. टेपमध्ये मात्र याखेरीज बरंच काही भरलं गेलं. तारेची खरखर तर होतीच. दर तीन मिनिटांनी ऑपरेटरबाई विचारत होत्या, "तीन मिनिटं झाली, वाढवायचं का?" मध्येच कुठल्याशा दुसऱ्या लाइनवर पुसदचा एक व्यापारी तुरीचे भाव ओरडत होता. प्रत्येक वाक्याला सदाशिवराव "होय साहेब, खरं आहे साहेब" म्हणत होते. वीज कारखान्याच्या डायनामोची, त्यामुळे तिकडे गाठी दाबायचा प्रेस सुरू झाला की इकडे चकत्या मंदावत आणि नंतर ऐकताना मालकांचा आवाज एकदम बायकी होई. आणि 'हे एक कुटुंब आहे' या वाक्यावर मी शिंकलो. जिनिंगमध्ये वीस वर्षं काढलेल्या माणसाला रुईच्या धुळीनं शिंक येणं हा काही गुन्हा नाही. पण साऱ्या टेपवर स्पष्ट आणि खणखणीत असं काही उमटलं असेल तर ती माझी शिंक.

सदाशिवरावांनी टेप ऐकली. कपाळाचा घाम पुसला. "हे असं ऐकवायचं तहसीलदारांसमोर? साफ करा, वामनराव. काहीही करा. बारा दिवस आहेत. आणि ती शिंक आधी काढा."

साफ करा म्हणणं सोपं आहे. आवाज साफ कसा करतात हे आमच्या गावात कुणालाच माहीत नव्हतं, आणि त्यामुळे सगळेच सल्ला देत होते. प्रभावती म्हणाली, कापसाचा बोळा गोडेतेलात बुडवून पुसून पाहा, तिच्या शिवणाच्या मशिनीला तसाच गुण आला होता. देवरावांचं मत पडलं की यंत्राला थंडी बाधली आहे, दोन दिवस उन्हात ठेवावं. सर्दी माझ्या शिंकेतून टेपला लागली असावी असंही ते म्हणाले, आणि ते घरचे देवराव असल्यामुळे मी रागावू शकलो नाही. एका टोकाला तेल लावून पाहिलं. तेवढ्या टोकापुरते मालक मुके झाले.

शेवटी धनसिंग म्हणाला, "बाबूजी, सिनेमाची पट्टी तुटली तं आमी काय करत होतो? खराब तुकडा कापाचा अन् चांगल्याले चांगला जोडाचा. हेबी पट्टीच आहे."

हे मला पटलं. आम्ही कात्री आणि चिकटपट्टी घेऊन बसलो. पण टेप फिरवायची, नेमकी जागा गाठायची, खूण करायची, कापायची, जोडायची, परत ऐकायची! तीन संध्याकाळी खपल्यावर हाती आली फक्त माझी शिंक, चार बोटं लांबीची. ती मी कागदात गुंडाळून खिशात ठेवली. मधल्या वेळात निमंत्रणपत्रिका, मंडप, कर्णा, लाडू ही कामं माझ्याच डोक्यावर. समारंभाला दरवर्षी प्रत्येक मजुराला एक बुंदीचा लाडू द्यायची कारखान्याची पद्धत होती. मजुरी वाढली नव्हती हे खरं, पण लाडूही लहान झाला नव्हता, हे सदाशिवराव आवर्जून सांगत.

"आपल्यानं नाई होत हे," धनसिंग म्हणाला. "हे निवडाचं काम आहे. मैनाबाईले सांगा."

मैनाबाई ही कापूस निवडणाऱ्या बायांची म्होरकी. गाडीतून उतरलेल्या कापसातून पत्ती, काडी, पिवळी पडलेली कवडी वेगळी काढायची हे या बायांचं काम. मैनाबाईच्या हाताखालून गेलेल्या मालात पत्तीचा तुकडा सापडला असं वीस वर्षांत घडलं नव्हतं. बाई बोलायला सडेतोड. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली, त्या वर्षीपासून तिनं समारंभातला लाडू घेणं बंद केलं. "घरी लेकरायले मी करून घालतो लाडू," असं तिनं सदाशिवरावांना शांतपणे सांगितलं होतं. तेव्हापासून सदाशिवराव निवडखान्याच्या बाजूनं जाताना जरा पलीकडून जात.

मी पेटी निवडखान्यात नेऊन ठेवली. तिनं आणि तिच्या पाचसहा सोबतिणींनी भाषण सबंध ऐकून घेतलं. कापसाच्या ढिगाकडे पाहावं तशा त्या पेटीकडे पाहत होत्या.

"मैनाबाई," मी म्हणालो, "यातला कचरा तेवढा काढायचा आणि चांगला माल ठेवायचा. तुम्ही कापसाचं करता अगदी तस्संच."

"पारख कोनं कराची बाबूजी? तुमी का आमी?"

"तुम्हीच करा. तुमच्यापेक्षा मला काय कळणार?"

"कितीक साफ करू? चालता माल का पैल्या नंबरचा?"

आता रौप्यमहोत्सव होता, तहसीलदार यायचे होते आणि माझी फाईल मुंबईला जायची होती. मी छाती काढून म्हणालो, "पहिल्या नंबरचा!"

"एक शब्द मोडाचा नाई, एक घालाचा नाई?"

"छे छे. मालकांचे शब्द आहेत ते."

"बरं," ती म्हणाली, आणि पदर खोचून बसली.

पाच दिवस दुपारच्या सुटीत निवडखान्यातून मालकांचा आवाज येत राहिला. धनसिंग यंत्र फिरवायचा, मैनाबाई बोट वर करायची, एक बाई कुंकवानं खूण करायची, कात्री चालायची. मी दारावरून जाताना कधी 'परमेश्वर' ऐकायचो, कधी 'रथाचं चाक', आणि लगेच कात्रीचा आवाज. खरखर काढत असतील असं मला वाटायचं. मला खरोखर तसंच वाटायचं, हे मी आजही कुणाच्याही देवाची शपथ घेऊन सांगायला तयार आहे.

पंचवीस तारखेला संध्याकाळी मैनाबाईनं चकती आणून टेबलावर ठेवली. बरोबर एक गोणपाटाची पिशवी. "हा कचरा. मोजून घ्या."

चकतीवर टेपचे जेमतेम काही वेढे होते. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. दुसऱ्या कुणालाही आली असती. पण मी पडलो जिनिंगचा माणूस! शंभर शेर कापूस आत गेला की तेहतीस शेर रुई बाहेर येते, बाकीचं सरकी आणि कचरा, हे माझ्या रक्तात भिनलेलं. माल साफ झाला की वजन घटतं. घटलं नाही तर आम्हाला संशय येतो. तरी मी म्हणालो, "मैनाबाई, उतारा जरा कमीच पडला."

"माल हलका होता जी," ती म्हणाली.

हे उत्तर मी वीस वर्षं रोज ऐकत आलो होतो आणि रोज वहीत तसंच लिहीत आलो होतो. त्यामुळे मी मान डोलावली. एकदा ऐकून पाहावं असं मनात होतं, पण डायनामो मंडपाच्या दिव्यांना जोडला होता आणि लाडू मोजायचे राहिले होते.

सव्वीस तारखेला कारखान्याचं आवार माणसांनी फुलून गेलं. पुढे खुर्च्यांवर व्यापारी आणि गावची प्रतिष्ठित मंडळी, त्यांच्यामागे सतरंजीवर मजूर, डावीकडे बाया. प्रभावती इस्त्रीचं लुगडं नेसून, देवरावांच्या मंडळींशेजारी ताठ बसली होती. तहसीलदार नवे होते, तरुण आणि हसतमुख. सदाशिवरावांनी प्रगतीचं वर्णन केलं, हार घातले, आणि म्हणाले, "आता आपल्या लाडक्या मालकांचं भाषण, त्यांच्याच आवाजात. हे भाषण साफसूफ करून सिद्ध करण्यासाठी आमचे हेडक्लार्क वामनराव यांनी अहोरात्र परिश्रम घेतले आहेत."

टाळ्या पडल्या. मी नमस्कार केला आणि खटका दाबला.

कर्ण्यातून मालक बोलू लागले. खरखर नाही, ऑपरेटरबाई नाहीत, तूर नाही. आवाज धुतलेल्या रुईसारखा स्वच्छ. मला गहिवरून आलं.

"मी मुंबईहून बोलतो आहे. नऊ वर्षांपूर्वी आपल्याकडे बारा रेचे होते. आज अठ्ठावीस आहेत. गाठी तिप्पट झाल्या. मजुरी तेव्हा होती तीच आज आहे."

आणि टेप संपली. सुटलं टोक चकतीबरोबर फडफड फिरत राहिलं. मी यंत्राला दोन थापट्या मारल्या. सदाशिवराव खुर्चीतून दोन इंच उठले ते तसेच अधांतरी राहिले. नऊ वर्षांत हे वाक्य कुणी उच्चारलंच नव्हतं. मजुरांनी नाही, मीही नाही. ते पहिल्यांदा ऐकू आलं ते मालकांच्या तोंडून, आणि तेही कर्ण्यावरून.

पहिल्यांदा टाळी वाजवली ती तहसीलदारांनी. ते उभे राहिले. "मी पुष्कळ समारंभ पाहिले," ते म्हणाले, "पण एखाद्या मालकानं इतक्या थोडक्यात आणि इतक्या मोकळेपणानं आपली चूक कबूल केलेली कधी ऐकली नाही. फार मोठं मन लागतं याला. पुढचा भाग त्यांनी सौजन्यानं मॅनेजरसाहेबांसाठी ठेवलेला दिसतो. तर सदाशिवराव, वाढ किती, तेवढं आपण जाहीर करावं."

सदाशिवराव अधांतरीचे पूर्ण उभे राहिले. ते माइकपाशी आले. "साहेब, वाढ तशी... म्हणजे पूर्वी मजुरी बारा होती, आज ती पंचाहत्तर आहे."

"बारा आण्यांचे पंचाहत्तर नवे पैसे सरकारनं केले," तहसीलदार हसून म्हणाले. "तुमचे किती?"

मैनाबाई मांडीवर हात ठेवून सदाशिवरावांकडे पाहत होती, कचऱ्याला बोट वर करायची तेव्हा पाहायची तसंच. सदाशिवरावांनी एकदा तहसीलदारांकडे पाहिलं, एकदा व्यापाऱ्यांकडे, एकदा आभाळाकडे. आणि म्हणाले, "एक रुपया. पंचाहत्तरऐवजी रोज एक रुपया."

मग जो गलका झाला तो मी लिहीत बसत नाही. लाडवांचं ताट उलटलं एवढं सांगतो. तो गलका चालू असतानाच तहसीलदार माझ्याकडे वळले. माइक त्यांच्या हातात होता, तो त्यांनी माझ्यापुढे धरला. "आणि हे सारं जुळवून आणणारे वामनराव! तुमचं काय? कारकुनांच्या पगाराचंही काही आहे की नाही? बोला, बोला, संकोच करू नका."

गलका थांबला. चारशे माणसं माझ्याकडे पाहू लागली. त्यात प्रभावती होती. नऊ वर्षं मी ज्या क्षणाची वाट पाहत होतो तो आपल्या पायांनी चालत आला होता. पाच रुपये, एवढे दोन शब्द म्हणायचे होते. मी घसा खाकरला आणि बोलू लागलो. मी म्हणालो की मालकांची आमच्यावर पहिल्यापासूनच कृपा आहे. सदाशिवराव हे मला वडिलांच्या ठिकाणी आहेत. (ते माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान होते.) सुख हे मानण्यावर असतं. आम्ही नोकर नसून कुटुंबीय आहोत. मी सांगतो, मला थांबायचं होतं. मनातून मी ओरडत होतो, 'पाच रुपये म्हण, अरे पाच रुपये म्हण,' आणि तोंडातून रथाचं चाक बाहेर पडत होतं. चार मिनिटांनी तहसीलदारांनी घड्याळ पाहिलं आणि जनगणमन सुरू झालं.

माणसं पांगल्यावर मी यंत्राची वायर गुंडाळत होतो. डोळ्यांना धड दिसत नव्हतं. सगळ्यांचं झालं आणि आपलं आपल्याच तोंडानं राहिलं, याची इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. मैनाबाई जवळ आली. मला वाटलं आता ही हसणार. पण ती अगदी कनवाळूपणानं, आजाऱ्याशी बोलावं तशी म्हणाली, "लय बोल्ले बाबूजी तुमी. पन त्यात माल कुठी होता?"

"मैनाबाई, तुम्ही हे भाषण असं काहून केलं?" मी विचारलं. बोलताना माझ्या तोंडी 'का'ऐवजी 'काहून' कसं आलं ते मला कळलं नाही. एरवी मी ऑफिसात पुस्तकी बोलतो.

"आमी कायले काही करू जी? तुमीच सांगतलं, कापसाचं करता तसंच करा. ज्याचं सूत निघते थो माल. ज्याचं निघत नाई थो कचरा. परमेश्वर, कुटुंब, चाक, समाधान, सारं चोळून पाह्यलं आमी. धागाच नाई निघाला. चार बोंडं चांगली निघाली, थे ठेवली."

घरी जाताना प्रभावती चार पावलं पुढेच चालत होती. दारात आल्यावर एवढंच म्हणाली, "सारं बोलले तुम्ही. पाच रुपये तेवढे राह्यले." तिनं ते रागानं म्हटलं असतं तर मी उत्तर दिलं असतं.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो. मालकांच्या दिलदारीची बातमी नागपूरच्या पेपरात फोटोसह छापून आली, मालकांना मुंबईत अभिनंदनाची पत्रं गेली, आणि मग रुपयाचे पुन्हा पंचाहत्तर करणं त्यांनाही जड गेलं. सदाशिवराव माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत. नवव्या दिवशी मी आपणहून आत गेलो. रात्रभर जागून मी मनाशी वाक्य निवडलं होतं. नमस्कारही केला नाही, नाहीतर त्यातूनच कृपा सुरू झाली असती.

"साहेब, नऊ वर्षं झाली. मला पाच रुपये वाढ पाहिजे."

सदाशिवराव पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिले. माझ्या बोलण्याला नेहमी पुढचं वाक्य असायचं. मी ओठ घट्ट मिटून उभा राहिलो. भिंतीवरचं घड्याळ टकटक करत होतं, बाहेर रेचे चालू होते. "एवढंच?" त्यांनी विचारलं.

"एवढंच," मी म्हणालो. ती शांतता आणखी थोडी टिकली असती तर बरं झालं असतं. पण वीस वर्षांची सवय. दारापाशी पोचता पोचता मी मागे वळलो आणि माझ्या तोंडून निघालं, "म्हणजे, जमलं तर."

मार्चमध्ये मुंबईहून मंजुरी आली. तीन रुपये. मी घरी येऊन प्रभावतीला कागद वाचून दाखवला आणि त्या दिवशी सदाशिवरावांच्या खोलीत काय काय झालं तेही पहिल्यांदाच सविस्तर सांगितलं. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं, कागद घडी करून देवापाशी ठेवला आणि म्हणाली, "म्हणजे 'जमलं तर'चे दोन रुपये गेले."